आठ मीटर चढणारी सक्शन लाईन: चिकोडी पट्ट्यातल्या एका डेअरीच्या कोल्ड रूमचं प्रकरण

पार्श्वभूमी

निपाणी आणि चिकोडीच्या मधल्या पट्ट्यातली ही एक मध्यम आकाराची डेअरी. दूध सकाळ-संध्याकाळ येतं. थोडं पिशव्यांत भरलं जातं, बाकीच्याचा चक्का, श्रीखंड आणि पनीर होतं. माल एकीकडे बेळगावला जातो, दुसरीकडे कोल्हापूरला. गुढीपाडव्याआधीच्या पंधरवड्यात श्रीखंडाची मागणी सगळ्यात जास्त असते. त्या दिवसांत कोल्ड रूम बंद पडली तर नासलेल्या मालासोबत ठरलेली गिऱ्हाइकंही हातची जातात.

जुनी खोली अपुरी पडू लागली तेव्हा नोव्हेंबरात नवी बांधली. आतलं माप ६ × ५ × ३ मीटर, ८० मिलिमीटरचं पफ (फोम भरलेलं उष्णतारोधक) पॅनेल, आतलं तापमान २ अंश. भार असा धरला होता:

१२०० किलो चक्का आणि पनीर २५ अंशांवरून ४ अंशांवर, आठ तासांत: २.९ किलोवॅट
२००० लिटर पिशवीबंद दूध ८ वरून ४ अंशांवर: १.१ किलोवॅट
भिंती, छत आणि जमिनीतून येणारी उष्णता: १.२ किलोवॅट
दाराची उघडझाप: १.२ किलोवॅट
पंखे: ०.७ किलोवॅट
दिवे आणि माणसं: ०.३ किलोवॅट

बेरीज ७.४ किलोवॅट. त्यावर दहा टक्के जास्तीचे आणि डिफ्रॉस्टचा (कॉइलवरचा बर्फ वितळवण्याचा) वेळ सोडून दिवसाला वीस तास चालणं धरलं की ९.८ येतात, म्हणून यंत्रणा १० किलोवॅटची घेतली. हा हिशेब बरोबर होता आणि पुढच्या सगळ्या भानगडीत त्याचा काही दोष नव्हता.

खोलीत प्रत्येकी ५ किलोवॅटचे दोन इव्हॅपोरेटर (पंखे लावलेल्या थंड कॉइल; यांत गॅस उकळून खोलीतली उष्णता उचलतो) आणि गच्चीवर एकच कंडेन्सिंग युनिट (वायू दाबून, बाहेरच्या हवेनं थंड करून त्याचा पुन्हा द्रव करणारं). युनिटमध्ये दोन स्क्रोल कॉम्प्रेसर शेजारी-शेजारी, तेल समान ठेवणाऱ्या नळीनं जोडलेले. थंड करणारा गॅस आर-४०४ए. माल भरताना दोन्ही कॉम्प्रेसर चालायचे. रात्री एका इव्हॅपोरेटरचा सोलेनॉइड (विजेवर उघड-बंद होणारा व्हॉल्व) बंद व्हायचा आणि एकच कॉम्प्रेसर खोली राखायचा. वीज वाचवायला ही मांडणी चांगली आहे, पण तिच्यामुळे लाईनमधला प्रवाह निम्मा होतो. पाइप निवडताना नेमकं हेच कुणी लक्षात घेतलं नाही.

सक्शन लाईन म्हणजे इव्हॅपोरेटरमधला वायू कॉम्प्रेसरकडे परत नेणारी नळी. वायूसोबत कॉम्प्रेसरमधून बाहेर पडलेलं तेलही हिच्यातूनच परत यावं लागतं. तिचा मार्ग असा: खोलीतून भिंतीपर्यंत ६ मीटर आडवी, मग ८ मीटर सरळ वर, मग गच्चीवरून ८ मीटर आडवी. सगळी लाईन एकाच मापाची, अकरा सुती. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आपल्याकडे दुकानात आणि कामावर तांब्याची नळी बाहेरच्या व्यासाच्या सुतांतच मागतात: सात सूत म्हणजे ७/८ इंच, नऊ सूत म्हणजे १ १/८, अकरा सूत म्हणजे १ ३/८.) अकरा सुती का, याला फिटरचं उत्तर तयार होतं: "मोठी लाईन घातलीय मालक, गॅसला वाट मोकळी पाहिजे की." हा समज सीमाभागातच काय, सगळीकडे आहे. पाण्याच्या पाइपला तो चालतो, सक्शन लाईनला चालत नाही.

अडचण

पहिले तीन महिने खोली व्यवस्थित चालली. फक्त प्रत्येक सर्व्हिसला कॉम्प्रेसरच्या काचेत (तेलाची पातळी दाखवणाऱ्या खिडकीत) तेल कमी दिसायचं आणि दर वेळी अर्धा-पाऊण लिटर नवं घातलं जायचं. मार्चपर्यंत २.२५ लिटर जादा तेल आत गेलं होतं. गळती कुठेच नव्हती. ते तेल गेलं कुठे, हा प्रश्न तेव्हाच विचारायला हवा होता.

पाडव्याच्या दहा दिवस आधी, सकाळी माल भरायला सुरुवात झाल्यावर वीस मिनिटांत एक कॉम्प्रेसर मोठा आवाज करून जाम झाला. वॉरंटीत बदलून मिळाला आणि सण कसाबसा निभावला. सात आठवड्यांनी, मे महिन्यात, दुसरा गेला. वेळ तीच, सकाळची, दोन्ही कॉम्प्रेसर एकत्र सुरू झाल्यानंतरची.

पहिल्या वेळी ठपका व्होल्टेजवर गेला. दुसऱ्या वेळी फेज मॉनिटरची नोंद पाहिली तर त्या सकाळी व्होल्टेज ठीक होतं. तेव्हा कुठे पाइपकडे लक्ष गेलं.

मोजमाप

दुसरा कॉम्प्रेसर बदलल्यावर लाईनला हात न लावता आधी दोन दिवस मोजणी केली. हा निर्णय महत्त्वाचा ठरला, कारण मालकाला घाई होती आणि ऑइल सेपरेटर (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या वायूतलं तेल वेगळं करणारं भांडं) बसवून मोकळं व्हावं असा आग्रह होता.

पहिली चाचणी तेलाची. रात्री एकच कॉम्प्रेसर चालू ठेवून दर अर्ध्या तासाला काच पाहिली. तीन तासांत तेल अर्ध्या काचेवरून काचेच्या खाली गेलं. जोड यंत्रणेत अशा वेळी पहिला संशय असा येतो की चालू कॉम्प्रेसरचं तेल बंद कॉम्प्रेसरमध्ये जातंय. पण बंद कॉम्प्रेसरची काचही खाली आली होती. म्हणजे तेल युनिट सोडूनच बाहेर गेलं होतं. सकाळी दोन्ही कॉम्प्रेसर मुद्दाम चाळीस मिनिटं चालवले, तेव्हा फेस येत येत तेल काचेच्या वर चढलं. म्हणजे तेल हरवत नव्हतं. निम्म्या प्रवाहावर ते लाईनमध्ये साचत होतं आणि पूर्ण प्रवाह सुरू झाला की लोंढ्यानं परत येत होतं. स्क्रोल वायू दाबण्यासाठी बनवलेला असतो, असा द्रवाचा लोंढा त्याला मोडून टाकतो.

दुसरी मोजणी दाबाची. पूर्ण भारावर सक्शन गेज ३.७ बार. हा पट्टा समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंच आहे, त्यामुळे इथे हवेचा दाब सुमारे ०.९३ बार भरतो. म्हणजे खरा दाब ४.६३ बार आणि बाष्पीभवनाचं तापमान उणे ८ अंशांच्या आसपास. समुद्रसपाटीसाठी बनवलेल्या तक्त्यावरून थेट वाचलं तर अर्ध्या अंशाचा फरक पडतो. फार मोठा नाही, पण सुपरहीट (सगळा गॅस उकळून झाल्यावर वायू आणखी किती अंश तापतो ते) बसवताना हा अर्धा अंश विसरू नये.

मग वेगाचा हिशेब. उणे ८ अंश बाष्पीभवन, ४५ अंश कंडेन्सिंग आणि थोडं सबकूलिंग (द्रव झाल्यावर आणखी थंड होणं) धरलं तर एक किलो आर-४०४ए सुमारे १०८ किलोज्यूल उष्णता उचलतो. १० किलोवॅटला सेकंदाला ०.०९३ किलो गॅस लागतो. सक्शन वायूची घनता घनमीटरला सुमारे २२ किलो, म्हणून सेकंदाला ०.००४२ घनमीटर वायू. त्यावरून वेग असे निघतात:

अकरा सुती: पूर्ण भारावर सेकंदाला ५.२ मीटर, निम्म्यावर २.६
नऊ सुती: पूर्ण ७.९, निम्मा ३.९
सात सुती: पूर्ण १३.५, निम्मा ६.७

उभ्या नळीत तेलाची पातळ फिल्म आतल्या भिंतीला चिकटून असते आणि वायू तिला वर ओढत नेतो. त्यासाठी लागणारा किमान वेग व्यासाच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो आणि वायूची घनता वाढली की घटतो. इथल्या परिस्थितीत अकरा सुतीला तो सुमारे ३.०, नऊ सुतीला २.७ आणि सात सुतीला २.४ मीटर प्रति सेकंद येतो. रात्रीचा २.६ हा अकरा सुतीच्या ३.० च्या खाली. इथे सगळा उलगडा झाला. रात्रभर तेल वर चढत नव्हतं. कॉम्प्रेसर थांबला की भिंतीवरचं तेल घसरून तळाशी यायचं, आणि सकाळी ५.२ चा वेग मिळाला की ते एकदम उचललं जायचं.

लाईन उघडल्यावर आणखी दोन दोष दिसले. तळाचा ट्रॅप (तेल जमून वर उचललं जावं म्हणून उभ्या नळीखाली दिलेलं यू आकाराचं वळण) चार एल्बो जोडून साठ सेंटिमीटर रुंद केला होता. अकरा सुतीच्या एका मीटरमध्ये ०.८ लिटर मावतं, म्हणजे त्या ट्रॅपचा नुसता तळच अर्धा लिटर तेल धरत होता. आणि गच्चीवरचा आडवा भाग कॉम्प्रेसरकडे उतरता असायला हवा, तो उलट उभ्या नळीकडे उतरता होता. लाईन कापली तेव्हा ट्रॅप आणि आडव्या भागातून मिळून १.६ लिटर तेल निघालं.

एक्स्पान्शन व्हॉल्वमध्येही (इव्हॅपोरेटरमध्ये द्रव गॅस मोजून सोडणाऱ्या व्हॉल्वमध्ये) घोळ होता. प्रत्येक इव्हॅपोरेटर ५ किलोवॅटचा, पण व्हॉल्वचा ओरिफिस (गॅस सोडणारं छिद्र) जवळपास १० किलोवॅटचा. एवढा मोठा ओरिफिस कमी भारावर स्थिर राहत नाही. सुपरहीट दोन अंशांवरून तेरावर आणि पुन्हा दोनवर हेलकावे खात होतं. दोन अंशांच्या वेळी द्रवरूप गॅस सक्शन लाईनमध्ये उतरतो आणि तेल पातळ करतो. उभ्या नळीचा दोष नसता तरी या व्हॉल्वनं कॉम्प्रेसरचं आयुष्य कमी केलंच असतं.

लिक्विड लाईन (द्रवरूप गॅस इव्हॅपोरेटरकडे नेणारी नळी) चार सुती होती. तिच्यातला वेग सेकंदाला १ मीटर, सोलेनॉइडजवळ दणका बसू नये इतपत कमी. ती बरोबर होती, तशीच ठेवली.

पर्याय

ऑइल सेपरेटर बसवणं सगळ्यात सोपं होतं. पण सेपरेटर सगळं तेल अडवत नाही. थोडं पुढे जातंच, आणि पुढे गेलेलं परत येत नसेल तर महिन्याऐवजी चार महिन्यांनी तीच वेळ येते. मूळ दोष तसाच ठेवून केलेला हा उपाय म्हणून नाकारला.

युनिट खाली आणणं हा तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगला मार्ग. उभी नळीच राहिली नसती. पण खाली मोकळी जागा फक्त बॉयलरच्या मागे होती. चक्क्याच्या कढयांची वाफ आणि बॉयलरची गरम हवा कंडेन्सरमध्ये ओढली गेली असती तर उन्हाळ्यात कंडेन्सिंग तापमान हाताबाहेर गेलं असतं.

दोन्ही कॉम्प्रेसर कायम एकत्र चालवले असते तर वेग राहिला असता, पण रात्रीचा भार जेमतेम ३ किलोवॅट. १० किलोवॅटचं यंत्र त्याच्यावर दर काही मिनिटांनी सुरू-बंद होत राहिलं असतं.

दुहेरी उभी नळी, म्हणजे सहा सुती आणि सात सुती शेजारी-शेजारी. निम्म्या प्रवाहावर ट्रॅप तेलानं भरून मोठी नळी आपोआप बंद होते आणि सगळा वायू लहान नळीतून जातो. पूर्ण भारावर दोन्ही उघड्या राहतात. हिशेबानं सुंदर: निम्म्यावर ९.४, पूर्णवर ७.८. पण तिचा ट्रॅप अगदी आखूड आणि मापात लागतो. वरचं जोडणं मोठ्या नळीच्या माथ्यावरून उलटा वळसा घेऊन यावं लागतं, नाहीतर लहान नळीतून वर आलेलं तेल बंद मोठ्या नळीत परत पडतं. प्रवाह एक तृतीयांश-चतुर्थांशापर्यंत खाली जात असेल तर तिला पर्याय नाही. इथे तो फक्त निम्म्यापर्यंत जातो.

उरली एकेरी पण बारीक उभी नळी. नऊ सुती की सात सुती, यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली.

निर्णय

हिशेबाप्रमाणे नऊ सुती पास होते: लागतात २.७, मिळतात ३.९. सक्शन दाब खाली गेल्यावर किमान वेग ३.१ च्या आसपास जातो, तरीही ती तरते. पण कारागिरांत वापरला जाणारा ठोकताळा उभ्या नळीसाठी मिनिटाला १५०० फूट, म्हणजे ७.६ मीटर प्रति सेकंद मागतो. त्या मोजपट्टीवर नऊ सुती निम्म्या भारावर सपशेल नापास, आणि सात सुतीही थोडी कमीच पडते. हे दोन निकष एकमेकांशी जुळत नाहीत. ठोकताळ्यात सुरक्षिततेचा मोठा भाग धरलेला आहे, हिशेबात तो आपण धरायचा असतो.

सात सुतीची किंमत दाबात मोजावी लागते. पूर्ण भारावर तिच्यात मीटरला सुमारे १.४ किलोपास्कल दाब पडतो, आठ मीटरला ११. उणे ८ अंशांजवळ आर-४०४एमध्ये १६ किलोपास्कल म्हणजे साधारण एक अंश. म्हणजे उभ्या नळीत ०.७ अंश गेला. नऊ सुती आडव्या भागात फिटिंगसकट ८ किलोपास्कल, अर्धा अंश. एकूण १.२ अंश. सक्शन लाईनला एक अंशाच्या आत राहावं असा संकेत आहे आणि हे त्याच्या किंचित बाहेर जातं. अकरा सुतीत हाच तोटा ०.३ अंश होता. एका अंशाला क्षमता तीन-चार टक्के घटते, म्हणजे तेल परत येण्यासाठी तेवढी क्षमता सोडायची.

ती सोडायचं ठरलं. भाराच्या हिशेबात जास्तीचे दहा टक्के होतेच. दोन कॉम्प्रेसर गेल्यानंतर तेलाच्या बाबतीत १.४ पटीच्या फरकावर विसंबण्यापेक्षा २.८ पटीचा फरक घेणं पटलं. उभी नळी सात सुती, दोन्ही आडवे भाग नऊ सुती. आडव्या लाईनला सेकंदाला ४ मीटरचा ठोकताळा असतो. रात्रीचा ३.९ त्याच्या अगदी जवळ आहे, आणि उतार बरोबर असेल तर पुरतो.

काम

मे महिन्यात खोली रिकामी ठेवणं अवघड, म्हणून माल दोन दिवसांसाठी जुन्या खोलीत हलवला. आधी गॅस काढून घेतला आणि सगळी अकरा सुती लाईन उतरवली.

तळाचा ट्रॅप तयार यू-बेंडचा, शक्य तेवढा आखूड. उभ्या नळीच्या मध्यावर, स्लॅबच्या पातळीला, आणखी एक लहान ट्रॅप. वर उलटा वळसा देऊन मगच आडवी लाईन, म्हणजे कॉम्प्रेसर थांबल्यावर गच्चीवरचं तेल पुन्हा खाली पडत नाही. नऊवरून सातवर येताना रिड्यूसर ट्रॅपनंतर लगेच बसवला. गच्चीवरच्या भागाला कॉम्प्रेसरकडे मीटरला एक सेंटिमीटर उतार, आणि क्लॅम्प बसवण्याआधी प्रत्येक ठिकाणी स्पिरिट लेव्हलनं तपासणी.

दोन्ही इव्हॅपोरेटरच्या सात सुती नळ्या मुख्य लाईनला खालून जोडल्या होत्या. त्या वळसा देऊन वरून जोडल्या. खालून जोडलं की बंद इव्हॅपोरेटरमध्ये चालूचं तेल उतरून बसतं.

व्हॉल्व तेच ठेवले, ओरिफिस बदलले. ओरिफिसवरचा आकडा एका ठरावीक परिस्थितीचा असतो. आपल्या कंडेन्सिंग तापमानाला आणि डिस्ट्रिब्युटरमध्ये (कॉइलच्या नळ्यांत गॅस वाटणाऱ्या भागात) जाणारा दाब वजा केल्यावर तो किती भरतो ते तक्त्यातून काढलं आणि सहा किलोवॅटच्या आसपासचा ओरिफिस निवडला. व्हॉल्वला तापमान कळवणारा बल्ब आडव्या नळीवर, ट्रॅपच्या आधी, घड्याळातल्या चारच्या जागी. नळीच्या तळाशी तेल वाहतं, तिथे बल्ब खोटं तापमान सांगतो. सुपरहीट ६ अंशांवर लावलं.

ब्रेझिंग करताना (नळ्यांचे जोड तापवून सांधताना) नळीतून सतत नायट्रोजन सोडला. या यंत्रणेतलं तेल पॉलिओल एस्टरचं, ते हवेतला ओलावा झपाट्यानं शोषतं. म्हणून उघडी टोकं लगेच झाकली, ओलावा शोषणारा नवा ड्रायर बसवला आणि व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या (पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरच्या) खाली नेऊन पंप बंद केल्यावर टिकतो का ते पाहिलं. शेवटी गच्चीवरच्या लाईनला १९ मिलिमीटर नायट्राइल रबराचं इन्सुलेशन आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा. जुनं इन्सुलेशन सहा महिन्यांच्या उन्हात फाटलं होतं आणि परतीचा वायू कॉम्प्रेसरपाशी २२ अंशांचा झाला होता.

परिणाम

रात्रीची चाचणी पुन्हा घेतली. एकच कॉम्प्रेसर, आठ तास. तेल अर्ध्या काचेवर स्थिर.

दोन आठवड्यांनी तेल उलट जास्त दिसू लागलं, काचेच्या पाऊण भागाच्याही वर. इव्हॅपोरेटरमध्ये अडकलेलं जुनं तेल परत येत होतं. ६०० मिलिलिटर काढून घेतलं. हे काढलं नसतं तर वेगळ्या कारणानं तोच घोटाळा झाला असता. लाईन दुरुस्त केल्यावर महिनाभर काच पाहणं म्हणूनच गरजेचं असतं.

क्षमता घटेल ही भीती होती, ती जाणवली नाही. त्याच मालाला लागणारा थंड होण्याचा वेळ थोडा कमीच झाला, कारण कॉइलच्या आत बसलेला तेलाचा थर गेला. पुढचा पाडवा दोन्ही कॉम्प्रेसर न बदलता पार पडला.

डिसेंबरात एक नवी कुरबूर निघाली. पहाटे बाहेर १४-१५ अंश असताना कंडेन्सिंग दाब इतका उतरायचा की लहान झालेल्या ओरिफिसला गॅस पुरेना. कंडेन्सरच्या एका पंख्याला दाबाचा स्विच लावून तो थंडीत बंद राहील असं केलं. ओरिफिस लहान करताना हिवाळ्याचा हिशेब त्याच वेळी करायला हवा होता.

वेगळं काय करता आलं असतं

मुख्य चूक लाईन टाकण्याआधीची. पूर्ण भाराचं माप काढलं, निम्म्या भाराचं काढलंच नाही. दोन कॉम्प्रेसरचं युनिट मागवताना कागदावर एक जादा ओळ लिहिली असती तर अकरा सुतीचा विचारही झाला नसता.

दुसरी संधी पहिल्या सर्व्हिसला होती. गळती नसताना तेल घालावं लागतं तेव्हा ते आतच कुठेतरी साचलेलं असतं. दुसऱ्यांदा बाटली उघडण्याआधी रात्रीची तीन तासांची चाचणी घेतली असती तर पहिला कॉम्प्रेसर वाचला असता.

सात सुतीच्या निर्णयावर अजूनही दोन मतं आहेत. नवं काम असतं आणि उतार, ट्रॅप, ओरिफिस पहिल्यापासून नीट असते, तर नऊ सुती उभी नळी पुरली असती आणि अर्धा अंश वाचला असता, असं म्हणायला आधार आहे. पण आर-४०४एचा तापमानवाढीचा आकडा (कार्बन डायऑक्साइडच्या किती पट तो वातावरण तापवतो) ३९२२ आहे. भारतानं २०२१ मध्ये किगाली दुरुस्ती (असे वायू घटवण्यासाठी मॉन्ट्रियल करारात झालेला बदल) मान्य केली असून २०२८ पासून अशा वायूंचा एकूण वापर गोठवायचा आहे. कधीतरी इथे आर-४४८एसारखा गॅस भरावा लागेल. त्याची सक्शनमधली घनता कमी, म्हणून तेलाला लागणारा किमान वेग थोडा जास्त. त्या दिवशी नऊ सुतीचा फरक आणखी आक्रसला असता. गॅस बदलायची वेळ आली तर या लाईनचं माप आणि दोन्ही ओरिफिस पुन्हा हिशेबात घ्यायचे, हे कंडेन्सिंग युनिटच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून ठेवलं आहे, कारण इथले ऑपरेटर दोन्हीकडचे आहेत. त्याच्याच खाली तेलाच्या काचेचा तक्ता आहे: तारीख, वेळ, एक कॉम्प्रेसर की दोन, आणि काचेतली पातळी. दर सोमवारी तो भरला जातो.